दुसरा ब्रेक

धाकट्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्या रविवारी जेवायला बसण्याआधी त्याला दटावून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. सूप वाढून होतंय न होतंय तोच तो बहिणीला म्हणाला, "ताई, तुझी भिंगरी आता शाळेत एकटी जाते बरं का! एकटी! कुणाचं बोट नाही, काही नाही."

आईच्या, म्हणजे मास्तरीणबाईंच्या, हातातली पळी पातेल्यावरच थांबली.

"एकटी?" थोरली म्हणाली. तिने चमचा ताटलीशेजारी ठेवला, आणि फार हळू ठेवला. ती नर्स होती. तिच्या वॉर्डातल्या पेशंटना एक गोष्ट पक्की माहीत होती, की सिस्टर हळू बोलायला आणि हळू वस्तू ठेवायला लागल्या की आपलं काही खरं नाही.

"एकटी म्हणजे काय गं..." मास्तरीणबाईंनी सारवासारव सुरू केली.

"एकटी म्हणजे एकटी, आई. मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती. तिला काय खायला घाला, किती अभ्यास घ्या, यातलं काही बोलले होते मी? एवढंच म्हटलं होतं, तिला एकटं सोडू नका."

भिंगरी आईच्या शेजारीच बसली होती. मोठी माणसं आपल्याबद्दल बोलायला लागली की जेवत राहावं, हे ती या घरात शिकली होती. तिने बटाट्याचा मोठा तुकडा तोंडात घातला आणि कान उघडे ठेवले.

एकटं सोडू नका, याला कारण होतं. गेल्या वर्षी एका दुपारी भिंगरी त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली. दारं बडवून मुलीच्या मुठी लाल झाल्या, घसा बसला, आणि थोरली तेव्हा ड्यूटीवर, तिचा फोन लॉकरमध्ये. संध्याकाळी मुलगी बाहेर निघाली ती वेगळीच निघाली. अंघोळीला गेली तरी दार उघडं हवं. वर्गाचं दार कुणी लोटलं की तिला घाम फुटायचा. शाळा सुटून आई घरी येईपर्यंतचा वेळ तर ती जिन्यातच बसून काढायची. तिचे वडील केव्हाच दुसऱ्या संसारात रमले होते, त्यामुळे त्या दारावर टकटक करण्यात अर्थ नव्हता. शेवटी थोरलीने पोरीला इथे, आईवडिलांकडे आणून सोडलं. दारातच उभी राहून ती म्हणाली होती, "मला माझी मुलगी परत करा." आणि रडत रडत बस पकडायला पळाली होती.

आता हॉस्पिटलने तिला सकाळची पाळी कायमची दिली होती. मुलगी परत घरी नेता येणार होती. मात्र शाळा सुटल्यापासून आई दारात येईपर्यंत भिंगरीला घरात एकटं राहावं लागणार होतं, आणि ते तिला जमणार की नाही, हेच पाहायला थोरली आली होती. जमलं तर मायलेकी पुन्हा एका घरात. नाही जमलं तर मुलगी इथेच, आणि आपण महिन्यातून एकदा येणाऱ्या पाहुण्या, हा विचार तिने बसमध्ये सगळ्या वाटेवर गिळला होता.

"मी तर म्हणतो, नेऊच नको," धाकटा म्हणाला. आपण काय करून ठेवलंय हे आत्ता कुठे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि सावरायच्या नादात तो आणखी खोलात चालला होता. "इथे तिचं बस्तान बसलंय. शाळा पूर्ण होऊ दे इथेच. आम्ही काय तिला जड झालोय का?"

"जड कुणी कुणाला झालेलं नाही," त्याची बायको म्हणाली. ती या घरात सून म्हणून आली तेव्हापासून कमी बोलायची, त्यामुळे बोलली की सगळे ऐकायचे. "पण बाजारात वस्तू ठेवावी तशी बोलताय तिच्याबद्दल. ती बसलीये इथे."

"तू पण ताईच्या बाजूने?"

"मी कुणाच्याच बाजूने नाही. बटाटे गार होतायत."

थोरलीचं लक्ष आईवरच होतं. "आई, मी विश्वासाने टाकली होती तिला तुझ्या ओटीत."

हे मात्र मास्तरीणबाईंना लागलं. गावातल्या निम्म्या बायकांना त्यांनी गाडी चालवायला शिकवलं होतं. डॉक्टरीणबाई असोत नाहीतर मासळीवाली, त्यांच्या शेजारी बसून सगळ्या सारख्याच घामाघूम झाल्या होत्या. शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, आणि तो मास्तरीणबाईंनी इतकी वर्षं दाबला होता की स्वयंपाकघरात दूध उतू जाताना दिसलं तरी त्यांचा उजवा पाय आधी जमिनीवर दाबला जायचा. त्यांची एक पद्धत होती. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी भर रहदारीत त्या चपला काढायच्या, दोन्ही पाय वर घ्यायच्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसायच्या. म्हणजे दुसऱ्या ब्रेकवर आता कुणाचा पाय नाही, बाई, गाडी तुमची. परवाना पुढे केव्हाही मिळो, गावातल्या बायका एकमेकींना विचारायच्या ते "मांडी घातली का?" एवढंच.

अशा बाईला विश्वासाबद्दल ऐकून घ्यायची सवय नव्हती.

"एकटी कुठे गं सोडलीये?" त्या म्हणाल्या. आवाज चढला होता. "मी असते ना तिच्या मागे! पहिल्या दिवसापासून. ती म्हणाली मला एकटीला जायचंय, मी म्हटलं जा. आणि ती कोपऱ्यावर वळली की मी गाडी काढायची. शाळेच्या फाटकातून आत गेलेली पाहायची, मगच परतायची. दुपारी तेच. कळू दिलं नाही तिला कधी. आता बोल!"

एवढं बोलून त्यांनी जीभ चावली, कारण जिला कळू द्यायचं नव्हतं ती समोरच बसून बटाटा खात होती.

"कुठली गाडी?" थोरलीने विचारलं.

"कुठली म्हणजे? आपली जुनी."

"जिच्या टपावर 'शिकाऊ' अशी लाल तिकोनी पाटी आहे, ती?"

सून पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि धाकट्याला ठसका लागला.

"मला माहीत होतं, आजी," भिंगरी म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तू मागे असतेस ते. पहिल्याच दिवशी शिंप्याच्या दुकानाच्या काचेत पाटी दिसली ना."

खरं तर पहिल्या दिवशी भिंगरीला रडू येणार होतं. कोपरा वळल्यावर रस्ता एकदम मोठा झाला, आणि मागे फिरावं म्हणून ती थांबली तेव्हाच काचेत ती लाल पाटी सरकताना दिसली. मग रडू आलंच नाही. पुढे रोज ती शिंप्याच्या काचेत बघायची आणि चालू लागायची. भाजीच्या हातगाडीमागे आजी अडकली की ही बुटाचे बंद बांधत बसायची. सिग्नल लागला तर पलीकडे जाऊन कठड्याला टेकून उभी राहायची, आजी सुटेपर्यंत. वर्गातल्या मुलींनी विचारलंच होतं, ती गाडी रोज तुझ्या मागे का असते. भिंगरीने सांगून टाकलं होतं, "माझी आजी आहे ती. अजून शिकतेय."

हे तिने आत्ता सांगितलं तेव्हा धाकटा खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. मास्तरीणबाईंचा चेहरा लाल झाला होता, पण त्यांना राग येईना. इतके दिवस आपण हिला सांभाळतोय असं त्यांना वाटत होतं, आणि ही कार्टी कठड्याला टेकून म्हातारीला सांभाळत होती. त्यांना एकदम भरून आलं. "बोलली का नाहीस गं?"

"तुला वाईट वाटलं असतं. तू किती लांब लांब राहायचीस." मग ती म्हणाली, "आता तर गाडी येत पण नाही."

"गाडी बंद आहे म्हणून," मास्तरीणबाईंनी लेकीला समजावलं. "महिना झाला, सुरूच होत नाही. पण म्हणून काही ही एकटी नाही हं. हे जातात ना सायकलवरून मागे."

'हे' म्हणजे भिंगरीचे आजोबा, मिस्त्री. घराच्या खालीच त्यांचं गॅरेज होतं. गावातल्या शिकवणीच्या सगळ्या गाड्यांना दुसरा ब्रेक त्यांनीच बसवलेला होता. जेवणाच्या टेबलावर मिस्त्रींचं असणं म्हणजे मिठाची बरणी असल्यासारखं, मागितल्याशिवाय हलायचं नाही. आता सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या, भिंगरीचीही. तिच्या डोळ्यांत थोडी दया होती.

मिस्त्रींनी सुपाचा शेवटचा घोट घेतला. लपवायचा त्यांना कंटाळा आला होता.

"पहिल्या दिवशी गेलो होतो," ते म्हणाले. "शिंप्याच्या दुकानापर्यंत."

"आणि मग?"

"मग त्याने स्टूल दिलं. बसलो."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी स्टूल आधीच बाहेर ठेवलेलं होतं."

मास्तरीणबाईंनी पळी पातेल्यात टाकून दिली. "म्हणजे महिनाभर तुम्ही त्या शिंप्याकडे चकाट्या पिटत बसलात? आणि पोर एकटी? अहो, गाडी तरी दुरुस्त करायची! गावाच्या गाड्या दुरुस्त करता, घरच्या गाडीला काय धाड भरलीये?"

"काही नाही. ठणठणीत आहे."

"मग सुरू का होत नाही?"

"बॅटरीची वायर काढून ठेवलीये मी. खिशात आहे." आणि त्यांनी खरोखरच खिशातून वायरचा काळा तुकडा काढून मिठाच्या बरणीशेजारी ठेवला.

धाकट्याने हळूच खुर्ची मागे सरकवली. आईवडिलांमधलं भांडण दुरूनच बघावं, हे तो फार लहानपणी शिकला होता.

"माझ्या गाडीला हात लावलात?" मास्तरीणबाईंचा आवाज अगदी खाली आला. थोरलीने हळू बोलणं कुणाकडून उचललं होतं, ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

"तुझ्या पायाला लावता येईना," मिस्त्री म्हणाले. "म्हणून गाडीला लावला." मग ते लेकीकडे वळले, आणि त्यांच्या मानाने पुष्कळच बोलले. "हे बघ बाळ, तुझी आई मागे होती म्हणूनच ही कोपरा वळू शकली. मी ते नाकारत नाही. बिचारी पहिल्या गिअरवर गाडी चालवून क्लच जाळून बसली, तो मी बदलला, पण एक दिवस चुकली नाही. मी पण आणखी काही दिवस चालू दिलं असतं. पण एकदा ही पोरगी गॅरेजमध्ये आली आणि मला म्हणाली, आजोबा, बाथरूमची कडी परत बसवायची का?"

ती कडी ही मिस्त्रींचीच करामत होती. भिंगरी आली त्याच संध्याकाळी, कुणी काही बोलण्याआधी त्यांनी बाथरूमची कडी काढून टाकली होती. मग गॅरेजमध्ये तिला शेजारी बसवून कुलपं, कड्या, मोटारीच्या दारांचे खटके सुटे करायला लावले. आतून कसं उघडतं, बाहेरून कसं उघडतं, अडकलं तर कुठे अडकतं. हात काळे करून ती रोज दारं उघडायची आणि लावायची. दुपारी मास्तरीणबाई तिला शिकवणीच्या गाडीत मागच्या सीटवर बसवायच्या. धाकट्याने कितीदा कटकट केली, तरी बसवायच्याच. पुढे एखादी मोठी बाई चढावर गाडी बंद पडली म्हणून ढसाढसा रडताना भिंगरीने पाहिलं, आणि तीच बाई पुढच्या आठवड्यात तो चढ चढतानाही पाहिलं. घाबरायला वय लागत नाही, आणि घाबरलेलं माणूस नेहमी घाबरलेलंच राहत नाही, हे तिला कुणी तोंडाने सांगितलं नव्हतं.

"कडी तिनेच बसवली," मिस्त्री म्हणाले. "चारही स्क्रू. आत गेली, लावली, अंघोळ करून बाहेर आली. मी बाहेर उभा होतो, पाना हातात घेऊन. लागलाच नाही. त्या दिवशी मी वायर काढली."

थोरली भांडायला आली होती, आणि हातातलं भांडण कुठे ठेवावं ते तिला कळत नव्हतं. महिनाभर आपली मुलगी त्या मोठ्या रस्त्यावरून खरोखर एकटी जात होती, मागे कुणी नाही, काचेत पाटी नाही. आणि या धास्तीच्या आतच कुठेतरी आनंद होता, तो तिला ओळखूही येईना.

"तुला माहीत होतं का गं, आजोबा येत नाहीत?" तिने मुलीला विचारलं.

"हो. शिंप्याच्या काचेतून आतलं पण दिसतं ना."

"मग भीती नाही वाटली?"

भिंगरीने विचार केला. तिला खोटं बोलायचं नव्हतं. "वाटते की. सिग्नलपर्यंत वाटते. मग मुली भेटतात." आणि मग, कुणी विचारलं नसताना, ती म्हणाली, "आई, आपल्या घराची कडी पण मी सोडवून बघीन. किल्ली माझ्याकडे राहील ना?"

म्हणजे तिचं ठरलेलं होतं. धाकट्याच्या ते आधी लक्षात आलं, आणि त्याचा चेहरा पडला. घरभर तिच्या काळ्या हातांचे ठसे होते, सकाळी तिच्या बुटांचा आवाज असायचा. ती गेली की हे घर खायला उठणार होतं. "जाणार तू?" तो म्हणाला.

"सुट्टीत येईन ना, मामा. तू रडू नकोस."

"मी कुठे रडतोय? सूप गरम होतं."

तेव्हाच सुनेच्या लक्षात आलं, की या सगळ्या गोंधळात टेबलावर ब्रेड आलेलाच नाही. सकाळी आणायचा राहून गेला होता. धाकटा चपला शोधायला उठला, पण त्याच्या आधी भिंगरी उठली होती.

"मी आणते. बेकरी उघडी असते."

बेकरी सिग्नलच्याही पलीकडे होती आणि रविवारी त्या रस्त्यावर मुली भेटणार नव्हत्या. भिंगरीने आजीकडे पाहिलं नाही, आजोबांकडेही नाही. ती दारात उभी राहून आईकडे बघत होती.

"जाऊ?"

थोरली अर्धवट उठली होती. तिचा एक हात टेबलावर होता. 'थांब, मी पण येते' हे शब्द अगदी ओठांवर होते. त्या चार शब्दांपायी मुलगी आणखी किती काळ जिन्यात बसली असती कुणास ठाऊक. ती परत खाली बसली.

"जा," ती म्हणाली. "ताजा बघून आण."

दार लागलं. जिन्यात बुटांचा आवाज खाली उतरत गेला आणि थांबला. धाकटा खिडकीकडे निघाला होता, त्याच्या बायकोने त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

थोरलीने खाली पाहिलं. तिचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबलेला होता, बुटाला घडी पडेपर्यंत. मग टेबलाखाली समोर तिची नजर गेली. तिथे आईचा पायही तसाच होता. त्या दोन पायांनी मिळून अख्खं घर उभ्या उभ्या थांबवून धरलं असतं.

मास्तरीणबाईंनी लेकीची नजर पाहिली. त्यांनी एक सुस्कारा सोडला, चपला काढल्या, आणि दोन्ही हातांनी आधी एक गुडघा, मग दुसरा, असे पाय वर ओढून घेतले. गुडघे कडाकडा वाजले. जेवणाच्या लहानशा खुर्चीवर त्या मांडी घालून बसल्या.

थोरलीला तो रस्ता आठवला. ती तेव्हा कॉलेजात होती, हात स्टिअरिंगवर होते, समोरून ट्रक येत होता, आणि शेजारी आई चपला काढत होती. तेव्हा तिला आईचा इतका राग आला होता! गाडी पार नेल्यावर ती आईच्या गळ्यात पडून रडली होती. आज मध्ये टेबल होतं, म्हणून तिने नुसता आईचा हात धरला.

"आई, मी दारातच तुला काय म्हटलं होतं आठवतं? मला माझी मुलगी परत करा." ती म्हणाली. "केलीत गं तुम्ही. कसे फेडू तुमचे उपकार?"

"उपकार कसले बोलतेस, वेडे?" मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्या हात सोडवून घेत नव्हत्या. "या वयात मागे बघत चालणारं कुणी मिळतं का कुणाला? तू तिला आमच्याकडे ठेवलंस, हेच खूप झालं. बाकी मी तर क्लच जाळला. जे काय केलं ते या माणसाने." आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच चारचौघांत त्या नवऱ्याला म्हणाल्या, "बरं केलंत हो, वायर काढलीत."

मिस्त्रींना हे झेपलं नाही. ते मिठाची बरणी उघडून आत बघत बसले.

थोरलीने बूट काढले, पाय वर घेतले आणि मांडी घातली.

वेळ गेला. खूप गेला, असं सगळ्यांना वाटलं. मग जिन्यात बूट वाजले, आणि बेल वाजायच्या ऐवजी कुलपात किल्ली फिरली. भिंगरी छातीशी ब्रेड धरून आत आली. तिचा श्वास लागला होता, कपाळावर घाम होता, पण ती हसत होती. टेबलाजवळ येऊन ती थबकली. आजी खुर्चीवर मांडी घालून बसली होती. मागच्या सीटवरून तिने ही मांडी कितीतरी वेळा पाहिली होती, आणि तिचा अर्थ तिला या घरात कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. मग तिला आईची मांडी दिसली.

"आई, तू पण?"

"मी पण," थोरली म्हणाली.

भिंगरीने ब्रेड टेबलाच्या मधोमध ठेवला आणि आईच्या गळ्यात हात टाकले. कागदातून अजून वाफ येत होती. सून उठून सूप परत गरम करायला घेऊन गेली, आणि या वेळी धाकट्याने आपण रडतोय हे नाकारलं नाही.

"चला, वाढते मी," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि उठायला गेल्या, पण त्यांना हलता येईना. पायाला मुंग्या आल्या होत्या, गुडघा खुर्चीच्या हातात अडकला होता. "अहो, जरा इकडे या. पाय खाली निघत नाहीये माझा."

मिस्त्री आले, वाकून त्यांनी एखाद्या गाडीखाली पाहावं तसं नीट पाहिलं, आणि हात मागे बांधून सरळ उभे राहिले.

"राहू दे थोडा वेळ," ते म्हणाले. "मोठ्या मुश्किलीने वर आलाय."